दोनशे सहासष्टचा आळ

मी आयुष्यात एकाच माणसावर चोरीचा आळ घेतला. आणि पनवेलमध्ये मला 'जेवलास का' असं विचारणारं त्या माणसाशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. गोवा हायवेवर पळस्पे सोडून कर्नाळ्याकडे निघालं की डाव्या हाताला तेव्हा एक वजनकाटा होता. खडीचे डंपर, विटांचे ट्रक, भंगाराचे टेम्पो तिथल्या लोखंडी फलाटावर येऊन उभे राहायचे आणि शेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून मी त्यांची वजनं उतरवून घ्यायचो. गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. दोघांतला फरक म्हणजे माल. एक लांबोडकी वही होती, कार्बन घालून पावती लिहायची आणि फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. अक्षर बरं होतं म्हणून मालकाने मला हमालीतून उचलून तिथे बसवलं होतं.

मी चंद्रपूरच्याही पुढचा. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवी शेजारच्या गावात चालत जाऊन केली आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. शाळा सोड असं मला कुणी म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. पुढे एका ठेकेदाराबरोबर पाइपलाइनच्या कामाला म्हणून इतक्या लांब आलो. काम संपलं, ठेकेदार गेला, मी राहिलो.

मला काळजी करायची सवय आहे. खोलीला कुलूप लावून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येऊन मी ते ओढून बघतो. मालक एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आता सगळे कॉम्प्युटरची पावती देतात. आपल्यालाही लावावं लागेल." तो एवढंच म्हणाला आणि उठून गेला. त्या वाक्याचा पुढचा भाग मी एकट्याने तयार केला. कॉम्प्युटर आला की त्यावर बसायला कुणीतरी शिकलेला येणार, आणि मी पुन्हा पाट्या उचलायला लागणार. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग चाचांकडे गेलो.

चाचांचं दुकान गावात, मोहल्ल्याच्या तोंडाशी. दीड माणूस मावेल एवढा गाळा. पुढे काचेचं टेबल, मागे खोक्यांची भिंत, मधे एक गोल स्टूल आणि ग्राहकासाठी बाक. ते कोकणी मुसलमान, पनवेलचेच. बारा-तेरा वर्षं आखातात एका ऑफिसची यंत्रं दुरुस्त करत होते. गुडघे बोलायला लागले तसे परत आले. माझी ओळख झाली ती मोबाइल दुरुस्तीतून. एकदा मी तापाने खोलीत पडून होतो, मोबाइल त्यांच्याकडेच राहिलेला, आणायला गेलोच नाही. चौथ्या दिवशी चाचा विचारत विचारत माझ्या खोलीवर आले. दारात उभं राहून माझ्याकडे बघितलं, तसेच निघून गेले, आणि संध्याकाळी चाचींनी केलेली तांदळाची पेज घेऊन परत आले. पुढे आठवडाभर ती पेज येत राहिली. बरा झाल्यावर मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आधी तुझा मोबाइल घेऊन जा. जागा अडवतोय."

तेव्हापासून माझी सुट्टी त्यांच्या बाकावर जायची. मला ते 'काटेवाले' म्हणत.

"या काटेवाले. आज किती टन उचलले?"

"मी कुठे उचलतो चाचा. गाड्या उचलतात."

"म्हणजे नुसतं बघायचा पगार घेतोस."

कॉम्प्युटरचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी थट्टा केली नाही. खोक्यांच्या मागून एक लहानसा लॅपटॉप काढला. त्या काळात दहा इंचांचे असे लॅपटॉप निघाले होते, शाळेच्या पाटीपेक्षा थोडे मोठे. हा वापरलेला होता, चाचांनी त्याचा पडदा बदलून ठेवला होता. "हा घेऊन जा," ते म्हणाले, "जमेल तसं दे. पण एक ध्यानात ठेव, याचा जीव छोटा आहे. याच्याकडून डंपर ओढून घेऊ नकोस." दोन महिने त्यांच्याच बाकावर बसून मी टायपिंग शिकलो. आधी एका बोटाने, मग चार बोटांनी.

काट्यावर कॉम्प्युटर लावायची वेळ आली तेव्हा मी मालकाला म्हणालो की माझ्याकडे आहे. तो हसला. म्हणाला, "बघू तर मग, आधी तुझाच लावू." एक तंत्रज्ञ आला, काट्याच्या डब्यातून वायर ओढून लॅपटॉपला जोडली, वजनाचा प्रोग्राम टाकला आणि मला दोन तास शिकवून गेला.

प्रोग्राम चालायचा, पण रडतखडत. गाडी फलाटावर यायची, आकडा पडद्यावर यायचा, मी पावतीचं बटण दाबायचो आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ उभं राहायचं. मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. ड्रायव्हर केबिनच्या खिडकीत तोंड घालून म्हणायचे, "अरे भाऊ, हातानेच लिही ना, लवकर होईल." मालक आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा. ते मला हॉर्नपेक्षा जास्त लागायचं.

चाचांनी लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण उघडलं. "मेमरी कमी पडतेय," ते म्हणाले. मी विचारलं की प्रोसेसर आणि मेमरी यात फरक काय, म्हणजे हळू कोण चालतंय.

"प्रोसेसर म्हणजे तुझी चाची समज," ते म्हणाले. "मेमरी म्हणजे तिचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. चाचीचा हात कितीही झपझप चालू दे, ओटा एवढासा असेल तर काय करील? मसाला आणायला कोठीत जा, तो ठेवायला जागा नाही म्हणून कांदे परत कोठीत नेऊन ठेव, मग पुन्हा कांदेच आणायला जा. सगळा वेळ येण्याजाण्यात."

मला ते पटलं, पण मी ते माझ्या जागेवर नेऊन बसवलं. काटा म्हणजे प्रोसेसर. काट्यापुढचं आवार म्हणजे मेमरी. आवारात चार गाड्या मावत असतील तर पाचवी हायवेवर थांबते, आणि तिला आत घ्यायची तर आतली आधी बाहेर काढावी लागते. काटा रिकामा, तरी काम खोळंबलेलं.

चाचांनी मेमरीची एक जीबीची पट्टी काढून दोन जीबीची बसवली. त्या लॅपटॉपमध्ये एकच पट्टी बसायची. नव्या पट्टीवरच्या कागदावर ६६७ असा आकडा होता. तो मी माझ्या खिशातल्या डायरीत लिहून घेतला. काही कारण नव्हतं. दिवसभर नंबर लिहिणाऱ्या माणसाचा हात असा आपोआप चालतो.

"हे सहाशे सदुसष्ट काय आहे चाचा?"

"तिचा वेग."

"म्हणजे चांगला?"

"तुला वाईट देईन का?"

लॅपटॉप पळायला लागला. पावती दाबली की निघायची. मालकाने एकदा माझ्या पाठीवर थाप मारली. मी आईला फोन करून तेही सांगितलं.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या तंत्रज्ञाने जाताना लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम ठेवला होता. तो उघडला की यंत्राच्या आत काय काय आहे आणि ते किती वेगाने चालतंय हे सगळं आकड्यांत दिसायचं. एका दुपारी काट्यावर गाडी नव्हती, ड्रायव्हर लोक झाडाखाली डबे उघडून बसले होते. मी तो प्रोग्राम उघडला.

प्रोसेसरचा आकडा होता सातशे अठ्ठ्याण्णव. लॅपटॉपवर कीबोर्डच्या खाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं १.६. एकात मेगा होतं, दुसऱ्यात गिगा. आधी घोळ झाला, मग लक्षात आलं की हे टन आणि किलोसारखं असणार. एक पूर्णांक सहा टन म्हणजे सोळाशे किलो. आणि काट्यावर दिसतायत आठशेला दोन कमी. अर्धा माल गायब.

मग मेमरीचं पान उघडलं. तिथे होतं दोनशे सहासष्ट.

डायरी काढली. सहाशे सदुसष्ट. पुन्हा पडद्याकडे बघितलं. दोनशे सहासष्ट.

माझ्या धंद्यातला एक नियम इथे सांगितला पाहिजे. गाडीबरोबर चलन येतं, त्यावर मालाचं वजन लिहिलेलं असतं. चलनावर अठरा टन असेल आणि काट्यावर साडेसोळा आले, तर खरं कोण? काटा. कागद माणूस लिहितो, काटा कुणाचा नसतो. हेच मला पहिल्या दिवशी शिकवलेलं आणि सहा वर्षं मी ते रोज शंभर वेळा केलेलं. मग लॅपटॉपवर चिकटवलेला कागद काय आणि पट्टीवरचा कागद काय, दोन्ही माझ्या लेखी चलनच. आणि समोरच्या पडद्यावर काटा.

जे फसवले जातात त्यांचे चेहरे मी रोज बघत होतो. विटा घेणारा माणूस पावती वाचतो आणि त्याचा चेहरा आधी कोरा होतो, राग नंतर येतो. माझंही तसंच झालं. दोन दिवस मी कोराच होतो. पेज आठवायची आणि मग वाटायचं, ती पेज यासाठीच होती का? माणूस एकदा असं मोजायला लागला की काहीही मोजतो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

सुट्टीच्या दिवशी गेलो. दुकानात बाकावर उरणचे एक मासळीवाले काका बसले होते, चाचांचे जुने ग्राहक, कोळी. मासळीच्या गाड्यांचा हिशोब ठेवायला त्यांनी नुकताच लॅपटॉप घेतला होता आणि काही ना काही निमित्ताने दर आठवड्याला यायचे. चाचा भिंग डोळ्याला लावून कुठलीतरी तार डागत होते.

"या काटेवाले," ते मान वर न करता म्हणाले.

खरं म्हणजे मला विचारायचं होतं. येताना रिक्षेत मी वाक्य पाठ केलं होतं, की चाचा, हे दोन आकडे वेगळे का दिसतात, मला कळत नाहीये. पण तोंडातून निघालं ते काट्यावरचं वाक्य. माल कमी भरला की आम्ही गाडीवाल्याला विचारतो तेच, त्याच आवाजात.

"चाचा, कागदावर सहाशे सदुसष्ट आणि काट्यावर दोनशे सहासष्ट. माल कुठे उतरवला?"

चाचांचा हात थांबला. मासळीवाले काका आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघून हसले. "पकरला रं तुला, काटेवाल्यानी," ते म्हणाले. ते गमतीने म्हणाले असतील. पण मी हसलो नाही, त्यामुळे ती गंमत राहिली नाही.

चाचांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं. कान लाल झाले होते. मग म्हणाले, "मी सांगितलं तर आज तुझा विश्वास बसणार नाही. तुमच्याकडे गाडीवाला भांडायला लागला की काय सांगता त्याला?"

मी लॅपटॉप मिटवला.

"सांग ना."

"दुसऱ्या काट्यावर नेऊन बघ, म्हणून सांगतो."

"मग ने," ते म्हणाले, आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. आमच्याकडची बोली ऐकली की एरवी मला बरं वाटतं. "जेवलास का बाबू? आन् तो तुझा काका कसा हाय, पेजवाला? त्याले माझा नमस्कार सांगजो." मी म्हणालो, सांगतो. ती दर फोनला हे म्हणायची आणि मी दर वेळी सांगायचो. त्या दिवशी फोन ठेवल्यावर पहिल्यांदा विचार आला, की चाचा खरे असले तर आता सांगायला तोंड कुठलं. आणि खोटे असले तर आईला काय सांगू? दोन्हीकडून मी एकटाच उरत होतो.

पनवेलशेजारच्या कामोठ्यात कॉम्प्युटरचे क्लास पुष्कळ. रिक्षा स्टँडजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर बाहेर पाटी बघून मी चढलो. आत सात-आठ बायका टायपिंग शिकत होत्या आणि त्यांच्यामधून फिरत एक मॅडम शिकवत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. मी दारातच म्हणालो, "मॅडम, मला क्लास नाही लावायचा. एक आकडा विचारायचाय."

"विचारा की दादा. आकड्याची फी नाही."

मी लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं. कुणाचं दुकान ते सांगितलं नाही. त्यांनी आधी प्रोसेसरचा आकडा बघितला.

"आत्ता यावर काय काम चालू आहे?"

"काही नाही."

"मग तो कशाला पळेल? तुमचा तो वजनाचा प्रोग्राम चालू करा, आणि आकड्यावर लक्ष ठेवा."

मी प्रोग्राम उघडला. सातशे अठ्ठ्याण्णवचे एकदम सोळाशेच्या आसपास झाले. प्रोग्राम बंद केला, थोड्या वेळाने पुन्हा सातशे अठ्ठ्याण्णव. मी तीन वेळा करून बघितलं.

"बॅटरी वाचवायला तो रिकामा असताना अर्ध्या वेगाने चालतो," मॅडम म्हणाल्या. "काम आलं की उठतो."

रिकामी गाडी काट्यावर कमी भरते, म्हणून ती गाडी लहान असं कोणी म्हणतं का? मी सहा वर्षं दर गाडीची दोन वजनं घेत होतो. भरलेलं आणि रिकामं. आणि स्वतःच्या लॅपटॉपचं फक्त रिकामं वजन घेऊन मी एका माणसाला चोर म्हणून आलो होतो.

"आणि मेमरीचं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "टाळी वाजवा."

"अं?"

"वाजवा हो."

मी वाजवली. बायकांनी मागे वळून बघितलं.

"एक टाळी झाली. पण हात किती वेळा हलले? जुळताना एकदा, उघडताना एकदा. ही मेमरी टाळीच्या दोन्ही वेळांना माल देते. जुळतानाही, उघडतानाही. हा आकडे दाखवणारा प्रोग्राम टाळ्या मोजतोय. दोनशे सहासष्ट टाळ्या, म्हणजे माल किती वेळा?"

"पाचशे बत्तीस."

"पाचशे तेहतीस. दशांश आहेत मागे."

"पण कागदावर सहाशे सदुसष्ट आहे."

"पट्टी सहाशे सदुसष्टची आहेच. तुमच्या या लहान लॅपटॉपच्या आतला रस्ता पाचशे तेहतीसच्या वर जात नाही, म्हणून ती त्याच्या पावलाने चालते. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला लागते त्यापेक्षा भारी पट्टी दिलीय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "भांडून आलात का?"

मी मान हलवली.

"मग आता सरळ तिकडेच जा. घरी गेलात तर उद्यावर ढकलाल."

त्यांनी एका कागदावर दोन्ही आकडे मांडून दिले, खाली गुणाकार करून. तो कागद शर्टाच्या खिशात घालून मी पनवेलची रिक्षा धरली. रिक्षेत मी वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. कुठलंच पुरं होईना.

दुकानात चाचा एकटेच होते. या वेळी 'या काटेवाले' आलं नाही. "बस," एवढंच म्हणाले. मी बाकाच्या टोकाला बसलो.

"वजन बरोबर आहे," मी म्हणालो.

"कुठल्या काट्यावर केलं?"

"कामोठ्याच्या."

"पावती?"

मी खिशातून कागद काढून दिला. त्यांनी तो चष्मा बदलून वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा. बोट गुणाकारावर ठेवलं. "हे दोनने का गुणलंय?"

मला वाटलं ते माझी परीक्षा घेतायत. मी टाळीचं सांगितलं, जुळताना एक आणि उघडताना एक. त्यांनी स्वतःचे दोन हात पुढे धरून हळूच एक टाळी वाजवली आणि उघडलेल्या हातांकडे बघत राहिले.

"अच्छा," ते म्हणाले. "असं आहे होय ते."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"अर्धा दिसतो हे माहीत होतं. तिकडे एक केरळी इंजिनियर होता, तो म्हणायचा, आकडा अर्धा दिसेल, घाबरायचं नाही, पट्टी चांगली आहे. का दिसतो ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं तर त्याला कळलं असतं ना, की हा सातवी शिकलेला आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू त्या दिवशी विचारलंस तेव्हा मला उत्तरच सुचेना. त्या मासळीवाल्यांसमोर काय सांगू? अर्धा दिसतोच म्हणून सांगितलं असतं तर तो चोराचाच जबाब वाटला असता."

मी त्या माणसाला इतकी वर्षं बघत होतो. त्यांनी सातवीतच शाळा सोडलेली मला माहीत नव्हतं. माझी आठवी, म्हणजे मी एक इयत्ता पुढे होतो.

"चाचा, माझं चुकलं," मी म्हणालो. "ते उतरवल्याचं जे बोललो ते."

ते कागदाची घडी घालत होते. "आळ घेतलास तेव्हा दुकानात माणूस होता," ते म्हणाले. रागाने नाही, पण सोडूनही दिलं नाही. "माफी मागतोस ती रिकाम्या दुकानात."

मला ते रास्त वाटलं. मी विचारलं, मासळीवाले काका परत कधी येणार. म्हणाले, काही सांगता येत नाही, त्या दिवसानंतर आलेले नाहीत.

आता माझ्या काळजीला नवीन घर मिळालं. समजा ते दुसऱ्या दुकानात जायला लागले असतील. समजा त्यांनी उरणला चार जणांना सांगितलं असेल. पुढच्या सुट्टीला मी सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसलो. चाचांनी कुलूप काढलं, मला आत घेतलं, काही विचारलं नाही. काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही मी दुपारपर्यंत बसलो. चाचांचं आणि माझं बोलणं चालू होतं, पण बेतानेच, नव्याने ओळख झालेल्या माणसांसारखं. चहा आला की ते माझ्याकडे सरकवायचे आणि मी 'राहू द्या' म्हणायचो. पूर्वी मी असं कधी म्हणत नव्हतो.

तिसऱ्या सुट्टीला अकराच्या सुमाराला काका आले. काखेत लॅपटॉपची पिशवी, अंगाला मासळीबाजाराचा वास. त्यांना बघून मी उभाच राहिलो.

"काका, त्या दिवशी मी चाचांना बोललो होतो. मेमरीवरून. तुमच्यासमोर."

"कंचा दिवस?"

"माल कुठे उतरवला म्हणालो होतो. ते खोटं होतं. चाचांनी मला बरोबर माल दिला होता, उलट जरा भारीच दिला. माझं मोजायचं चुकलं."

काका माझ्याकडे बघत राहिले, मग चाचांकडे. "अरे बाबा, मी तर इसरलो पन. मना वाटला तुमी दोगं मस्करी करताव." बाकावर टेकले. "लग्नाचा सीझन व्हता घरात, म्हनून नाय आलो. काय चुकला मोजायचा?"

मला वाटलं होतं, ते 'बरं बरं' म्हणतील आणि विषय संपेल. पण त्यांना खरंच ऐकायचं होतं. मग मी सांगितलं. रिकामा असताना कमी दिसतो, काम लागलं की वाढतो.

"म्हंजी आमच्या होडीचा इंजिन," काका म्हणाले. "बंदरात उभं असलं की नुसता धुगधुग. त्याचा काय तो जोर नाय."

"तसंच."

"आनि दुसरा?"

दुसऱ्यासाठी मी टाळी वाजवली. काकांनीही वाजवली, मोठी, दोन दुकानं पलीकडे ऐकू जाईल अशी. मग गुणाकार सांगितला. ते बोटांवर करायला लागले. "दोनशे सासष्ट दुनी पाचशे बत्तीस. तू बोलतोस तेतीस. एक खंय गेला?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा भिंगामागून म्हणाले, "त्याचा काटा पाच किलोच्या खाली धरतच नाही. एकाचं काय घेऊन बसलात."

काका मोठ्याने हसले, मीही हसलो. चाचांचं तोंड दिसत नव्हतं, ते खाली वाकलेलेच होते, पण खांदे हलत होते.

मग काकांनी पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "शेठ, ह्यो बघ. हा पन हळू चालाया लागला. याचा पन मेमरी वाढवायला लागतंय काय?"

चाचांनी मान वर केली नाही. डाव्या हाताने त्यांनी तो लॅपटॉप काचेवरून माझ्या बाजूला सरकवला.

"त्याला विचारा," ते म्हणाले. "माझ्या हातात काम आहे."

मी तळहात पँटला पुसले, झाकण उघडलं, आणि आधी काकांना विचारलं, यावर तुम्ही दिवसभर काय काय काम करता.